सारवलेल्या वावरातली टर्बो जीप

सुभेदारांनी स्टिअरिंग पार डावीकडे फिरवलं होतं आणि जीप सरळ चालली होती. समोर डांबराचा रिकामा ड्रम, ड्रमच्या मागे ऊस. मी शेजारच्या सीटवर बसून दोन्ही हातांनी एक आखूड लिव्हर मागे ओढत होतो आणि तो जागचा हलत नव्हता. डोक्यावर टांगलेली सलाइनची बाटली दर हिसक्याला कानशिलावर आपटत होती. आधी ड्रम गेला. मग ऊस आला.

इंजिन बंद पडलं. अंगावर पाचट पडलं होतं. सुभेदारांनी विचारलं, "मिस्त्री, हाईस न्हवं?" मी म्हणालो, "आहे." त्यावर त्यांना जे हसू फुटलं ते थांबेना, आणि त्यांचं बघून मलाही आवरेना. बाहेर अख्खा गाव उभा होता, पुण्याचे पाहुणे उभे होते, सुभेदारांचे थोरले भाऊ उभे होते, आणि आम्ही दोघं उसात बसून हसत होतो. खरं तर रडायची वेळ होती. का, ते सांगतो.

तेव्हा माझं सांगलीत गॅरेज होतं. ट्रक, ट्रॅक्टर, पंपाची इंजिनं, जे येईल ते करायचं. सुभेदार उंब्रजजवळच्या गावचे. पंचवीस वर्षं फौजेत गाड्या चालवून रिटायर झालेले. गावी परत आले तेच मुळी मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप घेऊन. घरची जमीन आबांच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या हातात. पेन्शन आली की तीही सुभेदार आबांच्याच हातात देत. साठीला टेकलेल्या त्या माणसाचं स्वतःचं असं घरात काही असेल तर ती जीप. तिच्यावर त्यांचा जीव होता आणि ते सांगायला त्यांना लाज वाटत नसे.

नेमकं त्याच सुमारास पेट्रोल भडकलं. आबांनी हिशोबी माणसासारखा निकाल दिला. जीपचं इंजिन काढायचं, रॉकेलवर चालवायचं आणि विहिरीवर बसवायचं. चाकं बैलगाडीला. सुभेदारांनी तोंड उघडलं नाही. आबांपुढे ते कधीच उघडत नसत. लढाईत रणगाड्यांच्या मधून जीप काढलेला माणूस, पण आबा ओसरीवर बसले की हा उभा.

वाचवलं ते पुण्याच्या एका हौशी मोटार क्लबानं. त्यांना ऑटोक्रॉससाठी जागा हवी होती. ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या रानात ड्रम मांडायचे, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. ज्याला कमीत कमी वेळ लागला तो पहिला. प्रत्येकाला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. सुभेदारांच्या ओळखीचा एक कॅप्टन त्या क्लबात होता. त्याच्यामार्फत विचारणा आली, आणि आपल्या रानात पुण्याची माणसं येणार म्हटल्यावर आबा खुलले. त्या खुशीत सुभेदारांनी हळूच सांगितलं की मी पण जीप उतरवतो.

आबा म्हणाले, "उतरव. पयला आलास तर तुज्या जीपला परत कोन हात लावनार न्हाई. न्हाईतर सोमवारी इंजिन हिरीवर."

स्पर्धा अडीच महिन्यांनी, एका रविवारी होती. आबा बोलले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुभेदार जीप घेऊन सांगलीला माझ्या दारात हजर झाले आणि म्हणाले, "मिस्त्री, हिला पळवायची."

आता जीप हे काही पळणारं जनावर नव्हे. चढेल, ओढेल, चिखलातून निघेल. पण पुण्या-मुंबईच्या छोट्या गाड्यांपुढे घड्याळावर ती कुठे टिकणार? मी तोंडावर तसं सांगितलं. सुभेदार गॅरेजच्या कोपऱ्यात बोट दाखवून म्हणाले, "आनि त्यो काय हाय?"

तो टर्बो होता. एका धरणाच्या कामावरचा परदेशी कॉम्प्रेसर मोडीत निघाला होता, त्याच्या डिझेल इंजिनावर बसलेला. मी तो वजनावर घेतला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसायचो. टर्बो समजायला सोपा आहे. लोहाराच्या भात्यानं विस्तव फुलतो, तसं इंजिनातही हवा जोरात कोंबली की ताकद वाढते. पण भाता ओढायला माणूस लागतो. टर्बोत ते काम इंजिनाचा धूरच करतो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरानं एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावर दुसरा पंखा असतो, तो इंजिनात हवा कोंबतो. फुकटचा गडी.

डिझेलचा टर्बो पेट्रोलच्या जीपवर बसवायचा, हे मी कुठे वाचलेलं नव्हतं. कुणी केलेलंही ऐकलं नव्हतं. पण एक गोष्ट आमच्या बाजूची होती. ही इंजिनं लढाईसाठी बनवलेली, कसल्याही हलक्या पेट्रोलवर चालावीत म्हणून त्यांचं कॉम्प्रेशन कमी ठेवलेलं. म्हणजे सिलिंडरमध्ये हवा फार दाबली जात नाही, वर थोडी जागा शिल्लक. त्या जागेत आणखी हवा कोंबायला वाव होता. हे मला ज्या दुपारी सुचलं त्या दुपारी मी जेवलो नाही. हातातलं गिऱ्हाइकाचं काम बाजूला सारलं आणि गॅसवेल्डिंग पेटवलं.

पुढचे दोन महिने माझ्या अंगात आलं होतं, दुसरा शब्द नाही. टर्बोच्या बेअरिंगला तेल द्यायला इंजिनातून तांब्याची नळी काढली. हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बुरेटर उचलून टर्बोच्या आधी बसवला. पुढची काच, मागच्या सीटा, स्टेपनी, सगळं उतरवून वजन कमी केलं. सुभेदार आठवड्यातून तीनदा एसटीनं यायचे, बाजूला उकिडवे बसायचे आणि पाना मागायच्या आधी हातात द्यायचे.

पहिल्यांदा चालू केली तेव्हा नुसता निळा धूर. पेठेतली माणसं बघायला आली. तेल गळतंय कुठून ते शोधण्यात चार दिवस गेले. मग धूर थांबला आणि जोरात पळवली की इंजिन ठोकायला लागलं. ठोकणं म्हणजे आत पेट्रोल वेळेआधी, भलत्या ठिकाणी पेटतं आणि पिस्टनवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. तसंच चालवलं तर पिस्टनला भोक. स्पार्कचं टायमिंग मागे घेतलं, थोडं कमी झालं. अजून थंडावा पाहिजे होता. आत पाण्याचे थेंब सोडले तर ठोकणं कमी होतं, एवढं ठाऊक होतं. पण थेंब मोजून कसे सोडायचे?

हे माझ्या बायकोनं सोडवलं. तिची आई तेव्हा मिरजेला दवाखान्यात होती. ती म्हणाली, "सलाइनला नसतो का तो चाप, थेंब कमीजास्त करायचा?" दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून रिकामी बाटली, नळी आणि चाप आला. बाटली सीटच्या वर लोखंडी कांबीला टांगली, नळी टर्बोच्या तोंडाशी सोडली, आणि ठोकणं बंद. बायकोला मी त्या दिवशी सिनेमाला नेलं.

ट्रायल नदीकाठच्या नांगरलेल्या रानात घेतली. सुभेदारांनी पाय दाबला. एक, दोन, तीन मोजेपर्यंत काहीच नाही. टर्बो मोठ्या इंजिनाचा, त्याला फिरायला वेळ लागायचा. मग बॉनेटखालून शिट्टी सुरू झाली, चढत गेली, आणि पाठीत कुणी लाथ घालावी तशी जीप निघाली. सुभेदारांची टोपी गेली. बांधावरची माझी चप्पल ढेकळांखाली गेली. चारी चाकं माती उडवत होती आणि सुभेदार आरोळ्या ठोकत होते. मी बांधावर उभा राहून एकटाच टाळ्या वाजवत होतो. माझ्या हातून झालेलं ते सर्वांत वेडं आणि सर्वांत चांगलं काम.

त्या तीन मोजण्याचा उपाय सुभेदारांनी काढला. पाय उचलायचाच नाही. गिअर बदलताना क्लच दाबायचा, पण अ‍ॅक्सिलरेटर तसाच धरायचा. इंजिन ओरडतं, पण टर्बो फिरता राहतो. क्लच सोडला की ताकद हजर.

आता चारी चाकांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथंच घडलं. या जीपला एक जादा लिव्हर असतो. तो पुढे ढकलला की इंजिनाची ताकद पुढच्या चाकांनाही जाते. त्याला फोर-व्हील म्हणायचं. पण मग पुढची आणि मागची चाकं एकमेकांना जखडली जातात. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, मागच्यांना कमी. भुसभुशीत मातीत चाकं थोडी घसरतात आणि मिटतं. कडक जमिनीवर घसरायला वाव नाही. मग दांडे पिळले जातात, स्टिअरिंग दगड होतं आणि लिव्हर आत अडकून बसतो. म्हणून फोर-व्हील कडक जमिनीवर घालायचं नाही, हे कुठलाही मिलिटरी ड्रायव्हर झोपेतून उठवलं तरी सांगेल.

आम्हाला काळजी नव्हती. क्लबच्या सेक्रेटरींनी आबांना पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की जमीन नुसती नांगरून सोडलेली चालेल, बाकी काही करू नये. आम्ही सगळा सराव तशाच रानात केला. छोट्या गाड्या ढेकळांत रुतणार आणि आम्ही शिट्टी मारत जाणार. रविवारी पहाटे निघून आम्ही उजाडता उजाडता गावात पोचलो. मी खाली उतरलो आणि पाय टेकल्याबरोबर वाकून जमिनीला हात लावून बघितला.

वावराचं खळं केलेलं होतं.

खळं म्हणजे धान्य मळायची जागा. पाणी मारायचं, बैल फिरवायचे, धुमसानं, म्हणजे जड लाकडी ठोकण्यानं, ठोकायचं, वर शेणानं सारवायचं, की घरातल्या भुईसारखी जमीन होते. ते कुणी घराएवढं करतं. इथे दोन एकरांत आखलेला गाड्यांचा अख्खा रस्ता, या ड्रमपासून त्या ड्रमपर्यंत, ठोकून सारवलेला. सुरुवातीच्या रेषेशी रांगोळी.

आबा धोतराचा सोगा हातात धरून पाहुण्यांना दाखवत फिरत होते. पुण्याचे सेक्रेटरी, मेहेंदळे नावाचे सज्जन गृहस्थ, अगदी हळू म्हणाले, "आबासाहेब, पत्रात आम्ही लिहिलं होतं की काही करू नका."

"ते वाचलं की," आबा म्हणाले. "पावनं तसंच लिवत्यात. काय करू नका म्हनलं म्हनून आपन काय करायचंच न्हाई व्हय? तुमास्नी ढेकळात फिरवलं आसतं तर गावाची आब्रू काय ऱ्हायली आसती?"

मेहेंदळ्यांच्या हातात तेव्हा आबांच्या घरचा दुधाचा पेला होता. त्यांनी तो तोंडाला लावला. बाकीचे ड्रायव्हर तर खूश झाले होते. मिरजेचे एक डॉक्टर छोटी पांढरी गाडी घेऊन आले होते. ते म्हणाले, इतकी सुंदर जमीन मी कुठे पाहिली नाही. मग त्यांचं लक्ष आमच्या जीपकडे गेलं. सलाइनच्या बाटलीखाली उभं राहून त्यांनी थेंब मोजले आणि विचारलं, "पेशंट सीरियस आहे का?"

मी आबांकडे निघालोच होतो. सांगणार होतो की बाबा, हे काय करून ठेवलंत. सुभेदारांनी माझं मनगट धरलं.

"आबाला एक अक्षर बोलायचं न्हाई."

"अहो पण जीप जाईल तुमची."

"जाऊ दे. तीन दिस गावातल्या बायका वाकल्यात. आबा सोता बैलामागं फिरलाय ह्या वयात. त्याला म्या सांगू, तू चुकलास म्हनून?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बरं, फोर-व्हील न घालता जावं म्हटलं, तर वरचं शेण अजून ओलसर होतं. टर्बोची ताकद फक्त मागच्या चाकांवर आली असती तर जीप जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरली असती. मी म्हणालो, घालून जाऊ, जड वाटलं की मी लिव्हर काढतो. मेकॅनिकला शेजारी बसायची परवानगी होती. पहिल्या ड्रमला जीप कण्हत वळली. दुसऱ्याला लिव्हर अडकला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

उसातून जीप रिव्हर्सनं बाहेर काढली तेव्हा खालून खण्‌ असा आवाज आला, पीळ सुटला आणि लिव्हर आपोआप मोकळा झाला. पहिली फेरी बाद. डॉक्टरांची वेळ तोवर सगळ्यांत चांगली, एक मिनिट नऊ सेकंद. आबा जवळ आले. त्यांनी जीपभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडायला लावलं आणि इंजिनाला हाताच्या वितीनं मापलं. ते विहिरीवरच्या ओट्याचं माप घेत होते. सुभेदारांचं हसू तिथे थांबलं. इतका मोठा माणूस, पण चेहरा असा झाला की मला बघवेना. मी तिथून निघालो आणि रस्ता पायी फिरायला लागलो.

बाकीच्या गाड्यांच्या पहिल्या फेऱ्या चालू होत्या, मी कडेकडेनं चाललो होतो. घराकडच्या दोन ड्रमांपाशी जमीन अजून भुईसारखी कडक. पुढे पाण्याच्या पाटाकडचे दोन ड्रम. तिथे आलो आणि थांबलो. पाटाचा ओलावा जमिनीत मुरला होता, खालची माती धरलीच नव्हती. गाड्यांच्या चाकांनी वरचं सारवण पापडासारखं उचललं होतं, आणि खाली घोट्याइतकी भुसभुशीत काळी माती. एक गाडी माझ्यासमोर तिथे रुतली आणि चार माणसांनी ढकलून काढली.

मी पळत सुटलो. सुभेदारांना बांधावर बसवून काडीनं मातीत आखून दाखवलं. घराकडे साधी, पाटाकडे फोर-व्हील. पाटाकडच्या ड्रमच्या आधी लिव्हर आत, मऊ मातीत पीळ पडत नाही म्हणून बाहेर येताना सहज सुटेल. लिव्हर मी मारणार. पण लिव्हर मारताना चाकांवर जोर नको, आणि पाय उचलला तर टर्बो झोपणार.

सुभेदार म्हणाले, "क्लच दाबतो, पाय तसाच ठेवतो. तू 'आत' म्हन, 'बाहेर' म्हन. मी बगतो."

दुसऱ्या फेरीसाठी चिठ्ठ्या टाकून नंबर काढले त्यात आमचा शेवटचा. ते आमच्या पथ्यावरच पडलं, कारण प्रत्येक गाडीगणिक पाटाकडची माती आणखी उकरत होती. डॉक्टर दुसऱ्या फेरीत तिथे फसले आणि त्यांची वेळ वाढली. पण पहिल्या फेरीतले एक मिनिट नऊ होतेच.

निशाण पडलं. उन्हानं शेण वाळलं होतं, घराकडचे ड्रम सुभेदारांनी मागच्या दोन चाकांवर, शेपूट थोडं घसरवत, नाजूक हातानं घेतले. तिथेच बॉनेटखाली शिट्टी चढायला लागली. सरळ पट्ट्यात ती इतकी चढली की बांधावरच्या म्हशी दावं तोडून गेल्या असं नंतर कळलं. मी ओरडलो, "आत." क्लच गेला, इंजिन किंचाळलं, मी लिव्हर ढकलला, क्लच सुटला. काळ्या मातीत जीप पोटापर्यंत माती उडवत अशी वळली की मला वाटलं आपण ड्रमला मिठी मारणार. ड्रम वीतभर लांबून गेला. दुसरा ड्रम. "बाहेर." लिव्हर लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. मी काय ओरडत होतो मला आठवत नाही. सुभेदारांना आठवत होतं, पण ते त्यांनी चारचौघांत कधी सांगितलं नाही.

एक मिनिट सात सेकंद.

मेहेंदळ्यांनी घड्याळ दोनदा बघितलं. गाव धावत आला. कुणीतरी सुभेदारांना खांद्यावर घेतलं, कुणीतरी मला घेतलं आणि चुकून सलाइनच्या नळीत अडकवलं. त्या गर्दीतून आबा वाट काढत आले. माणसं बाजूला झाली. खांद्यावरून उतरून सुभेदार त्यांच्यापुढे उभे राहिले, ओसरीवर राहायचे तसेच.

आबांनी धाकट्याच्या तोंडावरची माती उपरण्यानं पुसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बगितलंसा? म्या जमीन केली म्हनून जमलं."

माझं तोंड उघडलं. सुभेदारांनी माझ्या पायावर पाय ठेवला, बुटाचा, फौजी.

"व्हय आबा," ते म्हणाले. "तुमच्या जमिनीमुळंच."

"पर एक ऱ्हायलं," आबा पाटाकडे बघत म्हणाले. "ती पल्याडची बाजू कच्ची निगाली. पावन्यांफुडं लाज गेली. फुडल्या साली तितं मुरूम टाकून धुमसू, दगडावानी करू."

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. मग आबांकडे बघून म्हणाले, "व्हय आबा."

सोमवारी विहिरीवर काही बसलं नाही. जीप सुभेदारांकडे शेवटपर्यंत राहिली. मी त्यानंतर पुष्कळ इंजिनं फुगवली, पण गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न कधी इंजिनाचा विचारला नाही. जमीन कशी आहे विचारतो. आणि तिचा मालक नात्यानं तुमचा कोण लागतो, हेही विचारून घेतो.